घर गरिबीतून बाहेर आलं, मूल आलं का? नंदुरबार जिल्ह्याचं प्रकरण

नीती आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये देशाचा पहिला बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक, म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतल्या उणिवांवरून गरिबी मोजणारा आकडा, प्रसिद्ध केला. तो २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवर बेतलेला होता. त्यानुसार महाराष्ट्रात सुमारे १५ टक्के लोक गरीब होते, आणि नंदुरबार जिल्ह्यात ५२.१२ टक्के. राज्यातला हा सर्वांत वरचा आकडा. दुसरा अहवाल जुलै २०२३ मध्ये आला, २०१९-२१ च्या पाहणीवर आधारलेला. राज्याचा दर ७.८१ टक्क्यांवर उतरला होता आणि नंदुरबारचाही बराच खाली आला होता. चार-पाच वर्षांत एवढी घट झाल्यावर प्रशासनाने समाधान मानलं तर त्यात गैर काही नाही.

याच दोन पाहण्यांमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांची वजनं आणि उंच्याही घेतल्या होत्या. नंदुरबारमध्ये वयाच्या मानाने कमी वजनाची मुलं पहिल्या वेळी ५५.४ टक्के होती, दुसऱ्या वेळी ५७.२ टक्के. खुंटलेल्या उंचीची मुलं ४७.६ टक्के होती, ती ४५.८ टक्के झाली. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या, म्हणजे हाडकुळ्या मुलांचं प्रमाण मात्र ३९.८ वरून ३०.७ टक्क्यांवर आलं. ही खरी घट आहे आणि तिचं श्रेय द्यायला हवं. कमी वजनाच्या आकड्यातली वाढ नमुना-पाहणीच्या चुकीत बसण्याएवढी लहान आहे, म्हणून परिस्थिती बिघडली असं मी म्हणणार नाही. पण ती हलली नाही, एवढं तरी म्हणावंच लागेल. दर दहा मुलांमागे पाच ते सहा मुलं कमी वजनाची, आणि तेही ज्या काळात जिल्ह्यातली गरिबी झपाट्याने घटत होती त्याच काळात.

ही दोन चित्रं एकाच जिल्ह्याची आहेत आणि एकाच पाहणीतून निघाली आहेत. एकात गरिबी ओसरते आहे, दुसऱ्यात मूल आहे तिथेच आहे. हे कसं होऊ शकतं, हा या प्रकरणातला प्रश्न आहे.

जिल्हा

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्हा विभागून नंदुरबार झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके. अक्राणीला लोक धडगाव म्हणूनच ओळखतात. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आत-बाहेर होती आणि त्यातले जवळपास ७० टक्के आदिवासी: भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, तडवी. साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सर्वांत कमी. २०१८ मध्ये केंद्राने विकासात मागे राहिलेले, म्हणजे 'आकांक्षित', जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातल्या चारांमध्ये नंदुरबार होता.

जिल्ह्याचा एकच दर सांगितला की एक गोष्ट झाकली जाते. तापीकाठचा शहाद्याकडचा पट्टा काळ्या मातीचा आणि बागायती आहे. तिथे केळी, पपई, ऊस पिकतो, ट्रॅक्टर दिसतात, बाजार भरलेले असतात. तिथून उत्तरेला सातपुडा चढायला लागलं की तासाभरात सगळं बदलतं. अक्राणीत गाव म्हणजे एका जागी वसलेली वस्ती नव्हे. एकेका टेकडीवर चार-सहा घरं, त्यापलीकडच्या टेकडीवर आणखी पाच, असे पाडे विखुरलेले असतात. अंगणवाडी एका पाड्यावर असते आणि बाकीच्या पाड्यांवरच्या तीन वर्षांच्या मुलांनी नाला ओलांडून तिथवर यावं अशी अपेक्षा असते. जिल्ह्याची उत्तर हद्द नर्मदा. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली जी ३३ गावं बाधित झाली, ती इथलीच. काही पाड्यांना आजही बोटीशिवाय वाट नाही आणि बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. शहाद्याचं आणि अक्राणीचं मूल एका सरासरीत घातलं, तर आकडा कोणत्याच मुलाचा राहत नाही.

दर मोजतात कसा

बहुतेक चर्चा टक्क्यापाशी सुरू होते आणि टक्क्यापाशीच संपते. तो कसा निघतो ते पाहिल्याशिवाय नंदुरबारचं कोडं सुटत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

राष्ट्रीय निर्देशांकात बारा निकष आहेत. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तिन्ही बाजूंना प्रत्येकी एक तृतीयांश भार. आरोग्यात पोषणाला एक षष्ठांश, बाल व किशोरमृत्यू आणि मातेचं आरोग्य यांना प्रत्येकी एक बारांश. शिक्षणात घरातल्या कोणी सहा वर्षं शाळा पूर्ण केली आहे का, आणि शाळेच्या वयाची मुलं शाळेत जातात का, हे दोन निकष, प्रत्येकी एक षष्ठांशाचे. राहणीमानात सात: स्वयंपाकाचं इंधन, शौचालय, पिण्याचं पाणी, वीज, घर, मालमत्ता आणि बँक खातं, प्रत्येकी एक एकविसांश. वंचिततेची बेरीज एक तृतीयांश, म्हणजे शंभरांपैकी ३३.३३, किंवा त्याहून जास्त झाली की कुटुंब गरीब. आणि कुटुंब गरीब ठरलं की त्यातला प्रत्येक जण गरीब.

आता एक घर समजा. हे घर कल्पित आहे, पण सातपुड्यात अशी घरं दाखवायला फार शोधावं लागणार नाही. कुडाचं घर, चुलीवर लाकूड, शौचालय नाही, वीज नाही. थोरला मुलगा आश्रमशाळेत सातवी शिकला आहे, धाकटी शाळेच्या पटावर आहे. सगळ्यांत लहान मूल दोन वर्षांचं आणि कमी वजनाचं. पोषणाचे १६.६७ गुण, राहणीमानातल्या चार वंचिततांचे १९.०५. बेरीज ३५.७२. घर गरीब.

पुढच्या वर्षी पाड्यावर विजेचे खांब आले आणि घरात मीटर बसलं. राहणीमानातली एक वंचितता गेली, बेरीज ३०.९५ झाली. घर गरिबीतून बाहेर. सहा माणसांचं कुटुंब असेल तर सहा माणसं गरिबीतून बाहेर, त्यात ते दोन वर्षांचं मूलही. कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजतात; त्याच्या दंडाला त्या दिवशी टेप लावली असती तर ती आदल्या महिन्याएवढीच भरली असती.

वीज येऊ नये असं मला सुचवायचं नाही. घरात उजेड असणं मुलाच्या भल्याचंच आहे. धूर कमी झाला तर त्याचं फुप्फुस वाचतं, शौचालय झालं तर जुलाब कमी होतात. निर्देशांकही चुकीचा नाही, घराचं जे मोजायचं ते तो नीट मोजतो. पण २०१५-१६ नंतरच्या वर्षांत देशात सर्वांत वेगाने काय पसरलं ते आठवून पाहा: जनधन खाती, उज्ज्वलाचे सिलिंडर, स्वच्छ भारतची शौचालयं, सौभाग्यची वीजजोडणी. चारही गोष्टी निर्देशांकात स्वतंत्र निकष म्हणून आहेत आणि चारही एका सरकारी आदेशाने, एका हंगामात, घराला जोडता येतात. मुलाचं वजन असं जोडता येत नाही. आईचं लग्नाचं वय, तिचं रक्त, दोन बाळंतपणांतलं अंतर, दिवसातून किती वेळा आणि काय भरवलं जातं, ताप आल्यावर दवाखाना किती लांब आहे, या सगळ्यांची गाठ पडून ते वजन तयार होतं.

आणखी दोन बारकावे आहेत. घरात एक मूल कुपोषित असो की तीन, निर्देशांकाला सारखेच. आणि धाकटी पटावर आहे एवढ्याने ती 'शाळेत जाते', मग नोव्हेंबर ते मार्च ती शंभर मैलांवर उसाच्या फडात का असेना.

मुलाचं वर्ष

तेच कल्पित घर, आता महिन्यांच्या हिशेबाने पाहू. या घराची गरिबी ऋतूंप्रमाणे वर-खाली होते आणि वार्षिक दरात ती दिसत नाही.

पावसाळ्यात घर पाड्यावर असतं. डोंगरउताराच्या शेतात मका, ज्वारी, भगर, उडीद, तूर. आषाढ-श्रावणात जुनं धान्य संपलेलं आणि नवं अजून हिरवं. हे दोन महिने वर्षातले सगळ्यांत वाईट. रेशनचं धान्य असतं, पण अंत्योदय कार्डावर ते घरटी ३५ किलो असतं, घरात माणसं कितीही असोत. चौघांच्या घराला आणि नऊ जणांच्या घराला सारखंच. याच दिवसांत नाले भरतात, पाड्यावरून आरोग्य उपकेंद्रात जायची वाट बंद होते आणि मलेरिया-जुलाब वाढतात. मुलाची भूक कमी आणि घरातलं अन्नही कमी.

दसऱ्याच्या सुमारास मका-ज्वारी घरात येते. थोडे दिवस बरे जातात. पण उचल त्याआधीच घेतलेली असते. पावसाळ्यात घरात आजारपण आलं, बी-बियाण्याला पैसे लागले, कुणाचं लग्न निघालं, की मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फेडायला दिवाळीनंतर निघायचं. बरेच जण दक्षिण गुजरातकडे, सुरत-बारडोलीच्या पट्ट्यातल्या ऊसतोडीला. कोणी वीटभट्टीवर, कोणी सौराष्ट्रात भागीने शेती करायला. ऊसतोडीत मजूर एकटा मोजत नाहीत, जोडी मोजतात, आणि त्या जोडीलाच कोयता म्हणतात. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या. जोडी पूर्ण हवी म्हणून आईला जावंच लागतं. आई जाते म्हणून अंगावर पिणारं मूल जातं. आणि ते मूल सांभाळायला त्याची सात-आठ वर्षांची बहीण जाते.

पडावावर प्लास्टिकच्या कागदाचं पाल. पहाटे अंधारात फडाकडे निघायचं, तेव्हा मूल झोपेतच उचललेलं असतं. उसाच्या पाचटावर गोधडी टाकून त्याला निजवतात, बहीण शेजारी. आई मधूनमधून पाजायला येते, पण तोडीचा हिशेब टनावर असतो आणि गाडी भरायला थांबत नाही. वरचं खाणं म्हणजे सकाळी थापलेली भाकर. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाला दिवसातून चार-पाच वेळा मऊ, ताजं, थोडं थोडं भरवावं लागतं असं प्रत्येक अंगणवाडी ताई सांगते आणि ते खरंच आहे. पण फडावर कोणी भरवायचं? आठ वर्षांची बहीण तिच्या परीने भरवते. हा दोष आईच्या अज्ञानाचा आहे असं समजून जी समुपदेशनाची पत्रकं छापली जातात, ती छापणाऱ्यांनी एक दिवस फडावर काढायला हवा.

मुलाचं नाव धडगावच्या अंगणवाडीत आहे, मूल गुजरातेत आहे. तिथल्या अंगणवाडीत त्याला आहार मिळायला कायद्याची आडकाठी नाही, पण ती अंगणवाडी पडावापासून किती लांब आहे, तिथली ताई कोणत्या भाषेत बोलते आणि दर काही आठवड्यांनी हलणाऱ्या पडावाची नोंद ती कशी ठेवणार, हे प्रश्न उरतात. बहिणीचं तेच. घरी ती पावरी बोलते, शाळेचं पुस्तक मराठी, पडावाजवळची शाळा गुजराती. तिसऱ्या भाषेत आणि तेही अर्ध्या वर्षापुरतं.

काही घरं मुलांना आजीकडे ठेवून जातात. त्यात शाळा वाचते, पण दूधपित्या मुलाचं दूध तुटतं.

होळीला सगळे परततात. सातपुड्यात होळीएवढा मोठा सण नाही. अक्कलकुव्यातल्या काठी गावची राजवाडी होळी पाहायला लांबून लोक येतात, आणि त्या आधीचे भोंगऱ्या बाजार म्हणजे वर्षाची खरेदी. काही जण सण करून पुन्हा फडाकडे जातात, काही राहतात. उन्हाळ्यात मोहफुलं, आंबे, आमचूर. धडगावचं आमचूर दूरच्या बाजारांत जातं. हातात थोडा पैसा असतो. मग पुन्हा आषाढ.

२०१९-२१ ची पाहणी महाराष्ट्रात २०१९ च्या उत्तरार्धात झाली. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस होती. अशा पाहणीत निवडलेल्या घराला कुलूप असलं तर त्याच्या जागी दुसरं घर घेत नाहीत, ते गळतं. म्हणजे एखाद्या पाड्यावर पथक दिवाळीनंतर पोचलं असेल, तर ज्या घरांतलं मूल त्या क्षणी सर्वांत वाईट स्थितीत होतं ती घरं मोजणीत नसण्याची शक्यता सर्वांत जास्त. ५७.२ हा आकडा मला त्यामुळे कमाल मर्यादा वाटत नाही.

दर कशासाठी हवा

इथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे: मूल घरातच राहतं, घर गरीब तर मूल गरीब, मग वेगळा दर कशाला?

एक तर गरीब घरांत मुलं जास्त असतात. २०२४ च्या जागतिक बहुआयामी निर्देशांकानुसार जगात प्रौढांपैकी १३.५ टक्के गरीब आहेत आणि अठरा वर्षांखालच्यांपैकी २७.९ टक्के, दुपटीहून जास्त. दर माणसी सरासरी काढली की मुलांचा वाटा बुजतो.

दुसरं कारण वयाचं. मोठ्या माणसाचं एक वाईट वर्ष पुढच्या चांगल्या वर्षात भरून निघू शकतं. गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंतचे हजार दिवस तसे नसतात. उंची त्या काळात खुंटली तर नंतर मिळालेल्या अन्नाने ती फारशी भरून येत नाही, आणि मेंदूची वाढही त्याच दिवसांत सर्वांत वेगवान असते. ग्वातेमालातल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत मुलांना प्रथिनयुक्त पेज दिली, दोन खेड्यांत साधं गोड पेय. ती मुलं मोठी झाल्यावर संशोधक त्यांच्याकडे पुन्हा गेले. पहिल्या दोन वर्षांत ती पेज मिळालेल्या पुरुषांची ताशी कमाई ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. तीन वर्षांच्या वयानंतर पेज मिळालेल्यांमध्ये असा फरक दिसला नाही. बायकांच्या कमाईतही दिसला नाही, कदाचित तिथल्या बायकांना मजुरीच्या संधीच कमी होत्या म्हणून. पेज तीच, गावं तीच, फक्त वय वेगळं.

नंदुरबारच्या संदर्भात याचा अर्थ असा की आज दोन वर्षांचं असलेलं मूल पंधरा-सोळा वर्षांनी कोयता हातात घेईल तेव्हा त्याचं अंग, त्याची ताकद आणि त्याने शाळेत काय उचललं हे बरंचसं ठरून गेलेलं असेल. मुलगी असेल तर आणखी पुढे. महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झाली होती, असं २०१९-२१ ची पाहणी सांगते. खुंटलेल्या, रक्त कमी असलेल्या मुलीचं अठराच्या आत लग्न आणि लगेच बाळंतपण, म्हणजे पुढचं मूल कमी वजनाचंच जन्मणार. सातपुड्यात त्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची भर पडते.

तिसरं कारण साधं आहे. जे वेगळं मोजलं जातं त्याचाच हिशेब मागता येतो. अमेरिकेत मुलांच्या गरिबीचा दर दर वर्षी वेगळा जाहीर होतो. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने मुलांमागे मिळणारी करसवलत वाढवली, कमाई नसलेल्या घरांनाही ती पूर्ण दिली आणि वर्षाच्या उत्तरार्धात दर मुलामागे महिन्याला २५० ते ३०० डॉलर थेट खात्यात जमा केले. सरकारी मदतही हिशेबात धरणाऱ्या पूरक मापनाने मुलांच्या गरिबीचा दर २०२० मध्ये ९.७ टक्के होता, २०२१ मध्ये ५.२ झाला. योजना वर्षअखेर संपली, २०२२ मध्ये दर १२.४ झाला. त्या देशाची आणि आपली तुलना करायची नाही. पण काय केल्याने काय झालं आणि काय थांबवल्याने काय झालं हे तिथल्या सामान्य नागरिकाला दोन वर्षांत आकड्यांत दिसलं. नंदुरबारच्या नागरिकाला ते दिसायला पाच-पाच वर्षं थांबावं लागतं, आणि तेव्हाही घराचा दर मिळतो.

काय काय करून पाहिलं

या जिल्ह्यात काही केलंच नाही असं कोणी म्हणू नये. आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना १९९५ पासून आहे. २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली: अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक वेळचं चौरस गरम जेवण. पुढे मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी. मला ही योजना सगळ्यांत समंजस वाटते, कारण ती अन्न देते, ताटात देते आणि आईच्या पोटात जाताना दिसते. शिधा घरी नेला की तो सगळ्या घराचा होतो आणि आईच्या वाट्याला शेवटचं उरलेलं येतं. हाडकुळ्या मुलांचं प्रमाण जे उतरलं त्यात तिचा काही हात असावा असं मानायला जागा आहे.

अतितीव्र कुपोषित मुलांसाठी, म्हणजे दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलेल्यांसाठी, गावात ग्राम बाल विकास केंद्र आणि तालुक्याला पोषण पुनर्वसन केंद्र. तिथे आईने मुलासोबत चौदा दिवस राहायचं, बदल्यात बुडीत मजुरी मिळते. तरी आया टाळतात, कारण घरी दुसरी दोन मुलं आणि शेळ्या असतात आणि पाड्यावर त्यांना पाहायला कोणी नसतं. राहिलेल्यांचं वजन वाढतं. मग ती त्याच घरी, त्याच आषाढात परततात.

पैशाचं मात्र गणित जमत नाही. अंगणवाडीतल्या पूरक आहाराचा दर २०१७ मध्ये दर मुलामागे दिवसाला ६ रुपयांवरून ८ रुपये झाला. आठ रुपयांत अंडं बसवायचं तर बाकी ताट मोकळं राहतं. दुसऱ्या टोकाला राज्याची लेक लाडकी योजना पाहा. पिवळ्या-केशरी कार्डाच्या घरात १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला एकूण १ लाख १ हजार रुपये. जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ७५ हजार. मुलीचं लग्न लांबावं हा त्यामागचा हेतू चांगला आहे आणि तो मला मान्य आहे. पण ज्या हजार दिवसांत पैशाने सर्वांत जास्त फरक पडतो, त्या दिवसांत यातले पाचच हजार येतात. एकूण रकमेतले पंचवीस-तीस हजार पहिल्या दोन वर्षांत महिन्याच्या हप्त्याने, आईच्या खात्यात दिले, तर कदाचित एक हंगाम उचल घ्यावी लागणार नाही. एक हंगाम म्हणजे त्या मुलाचे दीडशे दिवस.

नोंदणीच्या बाजूने काम बरंच पुढे गेलं आहे, आणि तिथेच नवी अडचण उभी राहिली आहे. २०२१ पासून पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या मोबाइल ॲपवर प्रत्येक मुलाचं वजन-उंची चढते. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी चेहरा ओळखण्याची पडताळणी सक्तीची झाली. गळती थांबावी हा हेतू. पण जिथे मोबाइलला रेंज मिळायला टेकडीच्या माथ्यावर जावं लागतं तिथे ताईचा अर्धा दिवस त्यातच जातो, आणि आई फडावर, मूल आजीकडे असेल तर चेहरा कोणाचा दाखवायचा? देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. माणूस एकेकटा ओळखायची सुरुवात जिथे झाली, तिथल्या मुलाला त्याच ओळखीपायी आहार चुकू नये एवढी काळजी तरी घ्यायला हवी.

स्थलांतर करणाऱ्या मुलांचा माग ठेवण्यासाठी राज्याने प्रणाली उभी केली, हे योग्य पाऊल आहे. मात्र महाराष्ट्रातून गुजरातेत गेलेल्या मुलाच्या बाबतीत दोन राज्यांचे दोन विभाग, दोन भाषा आणि दोन तालुके यांचा रोजचा संबंध लागतो. आपल्या बाजूने मूल गेल्याची नोंद पडली तरी पलीकडे कोणाला तरी त्याची वाट पाहायला हवी.

आता हाती असलेलं

जनगणनेची पुढची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर रेशनचा कोटा २०११ च्याच लोकसंख्येवर चालणार, म्हणजे त्यानंतर जन्मलेलं प्रत्येक मूल कोणाच्या तरी वाट्यात वाटा मागतं. आणि १ मार्च हा दिवस नंदुरबारसाठी अवघड आहे, कारण ऊसतोड तेव्हा संपलेली नसते. पडाव मोजणारा प्रगणक गुजरातचा असेल. धडगावचं मूल तिथे मोजलं गेलं तर धडगावचा आकडा कमी भरेल, कुठेच मोजलं गेलं नाही तर पुढची दहा वर्षं त्याच्या वाट्याचं धान्य मंजूरच होणार नाही. याची तयारी आत्तापासून करता येते, दोन्ही बाजूंच्या जिल्हाधिकाऱ्यांनी बसून.

त्याहून लहान काम याच वर्षी होऊ शकतं. वजनाचा काटा आणि दंडघेराची टेप प्रत्येक अंगणवाडीत आहे, ट्रॅकरवर रकाना आहे. मुकादमाच्या गाड्या लागतात त्या आठवड्यात पाड्यावरच्या पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची नोंद घ्यायची. हंगाम संपून कुटुंबं परतली की त्याच मुलांची पुन्हा. गेलेली आणि न गेलेली असे दोन गट वेगळे ठेवायचे, सरासरीत मिसळायचे नाहीत, आणि तालुक्याचा नव्हे तर पाड्याचा आकडा ग्रामसभेत वाचून दाखवायचा, पावरीत, भिलीत. अक्राणी आणि अक्कलकुवा, दोनच तालुक्यांपासून सुरुवात केली तरी पुरे. मार्च-एप्रिलमध्ये जो फरक निघेल तो किती ग्रॅमचा आहे हे हातात असेल, तर उचलीएवढी रक्कम कोणत्या घराला, कोणत्या महिन्यात आधी द्यायची हे ठरवायला कोणत्याही नव्या पाहणीची वाट पाहावी लागणार नाही.